छोट्या लॅपटॉपवर क्लाउड ओएस: डिस्कपेक्षा रॅम आणि नेट बघा

प्रश्न असा आहे की ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी स्टोरेज (बोर्डवरच कायम जोडलेली साठवण) असलेल्या छोट्या लॅपटॉपवर विंडोज रखडतंय, तर क्रोमओएस फ्लेक्स (गूगलची ब्राउझरभोवती बांधलेली क्लाउड ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम) टाकावं का?

दिवसभर नेट असेल आणि बहुतेक काम ब्राउझरमध्येच होत असेल, तर टाका. पण लॅपटॉप एकदम पळायला लागेल अशी आशा नको. फायली क्लाउडवर असल्या तरी ब्राउझर चालतो तुमच्याच प्रोसेसरवर आणि खातो तुमचीच रॅम. ४ जीबी ही फ्लेक्सची किमान अट आहे. वीस टॅब उघडून त्यात व्हिडिओ मीटिंग लावली की धाप लागणारच.

डिस्कच्या बाबतीत मात्र खरा आराम आहे. सिस्टीमला १६ जीबी पुरते. ३२ जीबीवर विंडोजच्या मोठ्या अपडेटसाठी जागा करत बसणं ज्यांनी भोगलंय त्यांना याचं मोल कळेल. इथे अपडेट मागच्या मागे डिस्कच्या दुसऱ्या विभाजनावर (वेगळ्या भागावर) चढतं आणि रीस्टार्ट केल्यावर लागू होतं. नवी आवृत्ती सुरूच झाली नाही तर जुनी उभी राहते. लॅपटॉप मेला तरी दुसऱ्यावर लॉगिन केलं की गूगल ड्राइव्हमधलं सगळं समोर. फक्त ‘डाउनलोड्स’ फोल्डर आपोआप क्लाउडवर जात नाही, हे बरेच जण विसरतात.

आता अडचणी. फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप्स विसरा. कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय न चालणारा जुना प्रिंटर बहुधा रुसेल. ऑफलाइन काम होतं, पण गूगल डॉक्समध्ये ती सोय नेट असतानाच सुरू करून ठेवावी लागते. आणि सगळ्यात मोठी जोखीम, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: सगळा कारभार एका गूगल खात्यावर. ते खातं लॉक झालं तर लॅपटॉप धडधाकट असूनही तुम्ही दाराबाहेर. रिकव्हरीचा फोन नंबर आजच तपासा आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

जुनं नेटबुक असेल तर ग्राफिक्स चिपही बघा. इंटेल जीएमए ५००, ६००, ३६०० आणि ३६५० वर फ्लेक्स नीट चालत नाही. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसली जाते, विंडोज शेजारी ठेवता येत नाही. म्हणून आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, टचपॅड, आवाज तपासा.

नेट येऊन-जाऊन असेल तर या वाटेला जाऊच नका, लुबुंटू (हलकी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) टाका.