केसपेपरच्या प्रती मागितल्या, तर?

प्रश्न : आमचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. बिल थकवून गेलेल्या एका रुग्णाचे नातेवाईक आता सगळ्या केसपेपरच्या प्रती मागत आहेत. बिल भरेपर्यंत त्या अडवून ठेवता येतील का? काही नोंदी अर्धवट आहेत, त्या पूर्ण करून द्याव्यात का?

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नका. मूळ कागद तुमच्याकडेच राहतात, पण प्रतींवर रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. त्यात बिलाची अट कुठेच नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रुग्णाला केसपेपरच्या प्रती देणं बंधनकारक ठरवलं आहे. झेरॉक्सचा खर्च जरूर घ्या. थकबाकीसाठी नोटीस आणि दिवाणी दावा हा वेगळा रस्ता आहे, दोन्हींची गल्लत नको.

मागणी लेखी घ्या आणि तारीख-वेळ घालून पोच द्या. रुग्ण स्वतः आला नसेल तर त्याचं अधिकारपत्र आणि अर्जदाराचं ओळखपत्र बघा. रुग्ण दगावला असेल तर वारस असल्याचा पुरावा. विमा कंपनीचा माणूस नुसतं कार्ड दाखवून कागद मागू लागला तर रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका. प्रत्येक पानावर क्रमांक घालून ‘एकूण इतकी पानं मिळाली’ अशी सही घ्या, म्हणजे ‘महत्त्वाचं पान दिलंच नाही’ हा आरोप उभा राहत नाही.

आता अर्धवट नोंदींबद्दल. औषध चुकलेलं नसताना केवळ कागदामुळे डॉक्टर अडचणीत येतात ते इथेच. रात्री दोन, चार आणि सहाचं बीपी एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेलं नजरेला लगेच कळतं. इंजेक्शन तीनला दिल्याची नोंद आणि मेडिकलच्या बिलावर खरेदीची वेळ तीन चाळीस, एवढी एक विसंगती सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. चुकीचा शब्द एका आडव्या रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर नोंद, सही, तारीख, वेळ. व्हाइटनरला हात लावू नका. रुग्ण दाखल असताना एखादी नोंद राहून गेली, तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून घटनेची आणि लिहिण्याची, दोन्ही वेळा टाका. तुमच्यासारखी मागणी किंवा तक्रार आल्यावर मात्र मूळ पेपरवर एक अक्षरही वाढवू नका. जे सांगायचं आहे ते वेगळ्या निवेदनात लिहून वकिलाकडे द्या.

पेपर किती वर्षं ठेवायचे, हेही अनेक जण विचारतात. दाखल रुग्णांसाठी आचारसंहितेतली किमान मुदत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं असली तरी उशीर माफ होऊ शकतो, म्हणून आमचा सल्ला पाच वर्षांचा. बालरुग्णाचे पेपर तो १८ वर्षांचा झाल्यावर आणखी तीन वर्षं ठेवा. मेडिको-लीगल केस (अपघात, मारहाण, विषबाधा अशी पोलिसांशी संबंधित) असेल तर अंतिम निकाल लागेपर्यंत काहीही रद्दीत घालू नका.

प्रश्न : शस्त्रक्रियेआधी नवऱ्याची सही घेतली, पेशंट शुद्धीवर होती. संमती पुरेशी आहे का?

उत्तर : नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची सही हवी. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून चालेल. समीरा कोहली खटल्यात (२००८) रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले होते, मुळात संमती होती ती तपासणीची. जीव तातडीने धोक्यात नसताना हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे छापील फॉर्मवरची ‘आवश्यक ती कोणतीही शस्त्रक्रिया’ ही ओळ तुम्हाला वाचवत नाही. शस्त्रक्रियेचं नाव, धोके, दुसरे पर्याय आणि ‘आत अमुक आढळल्यास तमुक करू’ हे रुग्णाच्या भाषेत, हाताने लिहा. कोरा फॉर्म दाखल होतानाच सही करून घेण्याची सवय आजच मोडा.

प्रश्न : जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही. कचरा मागच्या खोलीत ठेवला तर?

उत्तर : २०१६ च्या नियमांनुसार प्रक्रिया न केलेले मानवी अवयव-ऊती आणि रक्ताळलेलं ड्रेसिंग यांसारखा पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नाइलाज झालाच तर त्याचा कुणाला त्रास होणार नाही अशी काळजी घेऊन, कारणासह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं लागतं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी कंत्राटदाराला लेखी तक्रार आणि मंडळाला ईमेल करा. फोनचा पुरावा राहत नाही. खोलीला कुलूप आणि धोक्याचं चिन्ह लावा, पिशव्यांवर बारकोड ठेवा. कचरा जाळू किंवा पुरू नका. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत जातो, त्यातले आकडे आणि रोजच्या रजिस्टरमधली वजनं आताच जुळवून घ्या.