दादाचं नाव काढलं तर आईला सोसेल का?

ठाण्यातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाच्या ओळखीने ताईंचा व्हिडिओ कॉल आला. ताई इस्रायलमधल्या डिमोनाच्या, वयाने साठीच्या पुढच्या. नव्वदीला आलेली आई हिब्रू विसरत चाललीय, आता फक्त अलिबागची मराठी बोलते. म्हणून त्यांना मराठीत बोलणारी समुपदेशक हवी होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताईंचा दादा १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझच्या आघाडीवर गेला, तो परत आलाच नाही. एकोणीस वर्षांचा होता. तिथे अठराव्या वर्षी बहुतेक ज्यू मुलामुलींना लष्करात जावं लागतं, तसाच तोही भरती झाला होता. युद्ध सुरू झालं ६ ऑक्टोबरला, योम किप्पूर या ज्यूंच्या उपासाच्या दिवशी. घरातली म्हातारी माणसं या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायची. तो सुखरूप परत यावा म्हणून आईने मलिद्याचा, म्हणजे गूळपोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलला होता. त्या वर्षानंतर घरात पुन्हा कधी गूळपोहे कालवले गेले नाहीत. दादाचं नावही निघालं नाही.

“मी दहा वर्षांची होते. आईला त्रास नको म्हणून गप्प राहिले, तीही गप्पच राहिली. आता विचारलं आणि ती कोसळली तर?”

हा प्रश्न मी फार घरांतून ऐकते, अपघातात किंवा आजारात मूल गेलेल्या घरांतूनही. माझा अनुभव असा की नाव काढल्यावर आई रडते, पण ते रडणं त्या क्षणी जन्माला आलेलं नसतं. तिच्या मनात तो रोज असतोच, फक्त त्याच्याविषयी बोलायला कुणी नसतं. हैफा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सायमन रुबिन यांनी १९८१ साली शोकाच्या दोन वाटा मांडल्या होत्या. एक रोजच्या जगण्याची, दुसरी गेलेल्या माणसाशी चालूच राहणाऱ्या नात्याची. ताईंच्या आईने पहिली वाट नेटाने चालवली. दुसरीवर मात्र ती एकटीच होती. आणि खरं सांगायचं तर ताईसुद्धा. भावंडांचं दुःख कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी म्हटलं, तिथे युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो, त्याच्या भोंग्याची वाट बघू नका. त्या दिवशी सकाळी अकराला अख्खा देश दोन मिनिटं उभा राहतो, आईला तेवढ्याने धडकी भरत असेल. एखादी साधी दुपार निवडा. “तो कसा गेला” हे विचारू नका, “त्याला खायला काय आवडायचं” एवढंच विचारा. ती थांबली तर तुम्हीही थांबा. खाणं, झोप बिघडली तर मात्र लगेच तिच्या डॉक्टरांशी बोला.

तीन आठवड्यांनी कॉल आला, तेव्हा ताईंच्या शेजारी आई बसली होती. हातात पिवळं पडलेलं लष्करी पोस्टकार्ड. दादाने प्रशिक्षणाच्या छावणीतून पाठवलेलं, देवनागरीत. ताईंचा जन्म तिथलाच, त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. आईची नजर गेलेली. ताईंनी ते कॅमेऱ्यासमोर धरलं.

दादा आठव्या वर्षी अलिबाग सोडून गेला होता. त्याची मराठी शाळा तिसरीत सुटली, अक्षरही तिथेच थांबलेलं. मोठी, गोल अक्षरं, ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली. मी वाचलं: “आइ मि बरा आहे. थंडि आहे. मोजे पाठव. चिवडा पन.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. ताईंनी तिचा हात धरून ठेवला होता. मग तिने त्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, “ऱ्हस्व-दीर्घ कधी आलंच नाही त्याला. मास्तर ओरडायचे.”

मग म्हणाली, “बाई, पुन्हा वाच. सावकाश.”