मायक्रोबायोलॉजीच्या म्युझियमचा एमबीबीएसला खरंच उपयोग होतो का, की फक्त स्पॉटिंगपुरता (परीक्षेत ठेवलेला नमुना बघून ओळखणं)?

होतो, पण नमुन्यांच्या बरण्यांसमोरून नुसती चक्कर मारून नाही.

एस्केरिस या आतड्यातल्या जंताची मादी २० ते ३५ सेंमी लांब असते, हे वाचताना काही वाटत नाही. बरणीत वेटोळं घालून बसलेली दिसली की असा गुंता लहान मुलाचं आतडं कसा तुंबवतो ते न सांगता कळतं. हायडॅटिड सिस्टचा (फीतकृमीच्या अळीमुळे शरीरात होणारी पाणीदार गाठ) पापुद्राही बघाच, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा दिसतो. मात्र रंगावर विसंबू नका. फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) सगळंच फिकट, राखाडी होतं. ताजा एस्केरिस गुलाबीसर असतो.

माझ्या मते खरा खजिना मीडियाच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्याच्या, कपाटात असतो, आणि तिथेच कोणी थांबत नाही. टीबीचे जंतू वाढवायचं एलजे (लोवेनस्टाइन-जेन्सन) मीडियम हिरवं का? त्यात मॅलाकाइट ग्रीन हा रंग असतो, जो इतर जंतूंना दाबून ठेवतो. टीबीचे जंतू वाढायला काही आठवडे घेतात, तेवढ्यात बाकीच्यांनी बाटली बळकावू नये म्हणून ही सोय. त्यावरच्या खरखरीत, बदामी वसाहती एकदा नीट पाहिल्या की विसरत नाहीत. मॅककाँकी या दुसऱ्या मीडियमवर ई. कोलाय जंतूच्या वसाहती गुलाबी का आणि साल्मोनेलाच्या बिनरंगी का, हेही तिथेच उभं राहून सोडवा. उत्तर लॅक्टोजमध्ये (दुधातल्या साखरेत) आहे: ई. कोलाय ती आंबवतो, साल्मोनेला नाही.

मी लेबलवर हात ठेवून आधी स्वतः ओळखायचो, मग हात काढायचो. जोडीला मित्र असेल तर एकाने फक्त ‘का?’ विचारत राहायचं. आठवड्यातून अर्धा तास पुरतो. स्पॉटिंग त्यातच होऊन जातं.