सामूहिक सौरऊर्जेचे केंद्रीय धोरण प्रत्यक्षात कसे उतरते?

गृहनिर्माण संस्थांनी एकत्रितपणे सौरवीज निर्माण करावी, याला केंद्राचे धोरण प्रोत्साहन देते. ते इंदूरसारख्या शहरात अमलात कसे येते, असा प्रश्न आहे. केंद्र सरकार स्वतः पॅनेल बसवत नाही. ते अनुदान आणि चौकट देते. पुढचे काम राज्याचा वीज नियामक आयोग आणि वितरण कंपनी यांच्याकडे जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरील सौरऊर्जा योजनेत एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते, तर गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी ५०० किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मात्र प्रत्यक्ष बचत किती होईल, हे राज्याच्या नेट मीटरिंग नियमांवर, म्हणजे ग्राहकाने वीजजाळ्यात दिलेली जादा वीज त्याच्या बिलातून कशी वजा होते यावर, ठरते. आणि गच्ची कागदोपत्री संस्थेची आहे की अजून बिल्डरच्याच ताब्यात, हा प्रश्न त्याआधीच उभा राहतो. माझ्या मते खरी अडचण अनुदानापेक्षा इथेच असते.

जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर-पवनसारख्या अक्षय विजेला वीस वर्षांचा निश्चित दर दिला. डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने पवनचक्की प्रकल्पातील किमान २० टक्के मालकी हिस्सा स्थानिकांना विकत घेण्यासाठी देऊ करणे बंधनकारक केले. आपल्याकडे मालकीचा असा आग्रह दिसत नाही. इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) मध्य प्रदेशातील जलूद गावाच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपये उभारले, त्यात सामान्य नागरिकांनाही गुंतवणूक करता आली. परंतु रोखेधारकाला व्याज मिळते, प्रकल्पात मत नाही.