फिलिपिन्सचे जोसेफ एस्त्रादा आणि त्यांना मत देणारी माणसं

तुमचा प्रश्न असा आहे: सिनेमातला हिरो राष्ट्राध्यक्ष झाला, भ्रष्टाचारात जन्मठेप झाली आणि तरी लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, हे जोसेफ एस्त्रादा कोण, आणि तिथले लोक इतके भोळे कसे?

मी पंधरा वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. बरोबरचे निम्मे खलाशी फिलिपिनो असायचे. त्यामुळे या माणसाबद्दल मी आधी ऐकलं ते मेसरूममध्ये, वाचलं नंतर. आमचा एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मनिलाच्या टोंडो वस्तीतला होता. टोंडो म्हणजे बंदराला लागून असलेली, दाटीवाटीची, गरिबीसाठी देशभर ओळखली जाणारी वस्ती. एस्त्रादांचा जन्म तिथलाच, १९ एप्रिल १९३७ चा. पण ते गरिबाघरचे नव्हते. वडील सरकारी इंजिनियर होते, कुटुंब पुढे सान हुआनला राहायला गेलं, आणि मुलगा आतेनेओ या श्रीमंतांच्या शाळेत गेला. तिथून त्याला काढून टाकलं. पुढे इंजिनियरिंगला घातलं, तेही अर्धवट सोडून तो सिनेमात शिरला.

आईला हे इतकं लागलं की तिने घराण्याचं नाव पडद्यावर वापरायला मनाई केली. खरं आडनाव एहेर्सितो. म्हणून त्यांनी एस्त्रादा हे नाव घेतलं. आणि टोपणनाव एराप. तिकडे मित्राला ‘पारे’ म्हणतात, आपण ‘मित्रा’, ‘दोस्ता’ म्हणतो तसं. ‘पारे’ची अक्षरं उलटी वाचली की एराप होतं. म्हणजे देशाच्या राष्ट्राध्यक्षाला लोक तीस-चाळीस वर्षं ‘दोस्त’ म्हणूनच हाक मारत होते. हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

शंभराहून जास्त सिनेमे त्यांनी केले. १९६१ मध्ये टोंडोचाच गुंड आसिओंग सालोंगा याची भूमिका गाजली. नंतर कियापोच्या बाजारातला कंगाल केला, त्यासाठी फामास हा तिथला मोठा पुरस्कार मिळाला. भूमिका बहुतेक अशाच: हमाल, ड्रायव्हर, गल्लीतला मवाली, पण गरिबावर हात उचलणाऱ्याला आडवा करणारा. १९७४ मध्ये त्यांनी सिनेमातल्या कामगारांसाठी मोवेलफंड नावाची कल्याणसंस्था काढली. लाइटमन, स्टंटवाले, मेकअपवाले यांच्या आजारपणाला पैसा उभा करणारी ती संस्था होती. बोसनला ते सिनेमे तोंडपाठ होते, पण अभिमानाने सांगायचा ते या संस्थेबद्दल.

राजकारणात ते थेट वरून उतरले नाहीत, हे बाहेरच्यांना बहुधा माहीत नसतं. आधी सान हुआनचे महापौर, १९६९ ते १९८६, म्हणजे सतरा वर्षं. हुकूमशहा मार्कोस गेल्यावर कोराझोन आकिनोंच्या नव्या सरकारने बाकीच्या महापौरांसारखं त्यांनाही पदावरून हटवलं. पुढच्याच वर्षी सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, २४ जागांपैकी २२ आकिनोंच्या बाजूने गेल्या. विरोधातले जे दोघे निवडून आले त्यांतले एक एस्त्रादा. आणि १६ सप्टेंबर १९९१ ला त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना आजही मानतो. अमेरिकेच्या लष्करी तळांना मुदतवाढ देणारा करार सिनेटपुढे होता. बारा विरुद्ध अकरा मतांनी तो फेटाळला गेला. त्या बारांत ते होते. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सुबिकचा प्रचंड नाविक तळ अमेरिकनांनी सोडला.

१९९२ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्ष झाले, गुन्हेगारीविरोधी आयोग सांभाळला, आणि १९९८ मध्ये ‘एराप गरिबांसाठी’ या अर्थाची घोषणा देत राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. त्यांच्या मोडक्या इंग्रजीवर सुशिक्षितांनी विनोद केले, त्या विनोदांचं पुस्तकही निघालं. ते स्वतःही त्यावर हसायचे. दहाएक उमेदवारांत त्यांना जवळपास ४० टक्के मतं पडली, दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला सोळा टक्क्यांच्या आसपास. ज्यांच्या इंग्रजीला आयुष्यभर लोक हसले, त्यांना हा माणूस आपला वाटणारच. शपथविधीच्या भाषणात त्यांनी बजावलं की मित्र असो, नातेवाईक असो, स्वतःचा मुलगा असो, कुणालाही सत्तेचा गैरफायदा घेऊ देणार नाही.

पुढचं फार वाईट झालं. रात्री उशिरापर्यंत दोस्तांच्या बैठका, दारू, जुगार. लोक त्याला ‘मध्यरात्रीचं मंत्रिमंडळ’ म्हणायचे. २००० मध्ये दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मुस्लिम बंडखोरांशी उघड युद्ध पुकारलं, त्यांचा मुख्य तळ जिंकला, आणि तिथे सैनिकांबरोबर भाजलेलं डुक्कर आणि बिअरची मेजवानी केली. मुसलमान समाजाची तळमळ ज्याने थोडीशीही समजून घेतली असती, त्याच्या हातून हे घडलं नसतं.

ऑक्टोबर २००० मध्ये इलोकोस सूर प्रांताचे गव्हर्नर चावित सिंगसॉन, जे त्याच बैठकांतले जुने दोस्त, त्यांनी जाहीर केलं की हुवेतेंगच्या कमाईतून राष्ट्राध्यक्षांना हप्ता जातो. हुवेतेंग म्हणजे तिकडचा मटका. एक ते सदतीसमधले दोन आकडे लावायचे. आकडे गोळा करणारा माणूस घरोघर फिरतो, आणि मच्छीमार, रिक्षावाले, धुणी धुणाऱ्या बायका चार-दोन पेसो लावतात. बेकायदा आहे, पण गल्लोगल्ली चालतं. मटक्याने उद्ध्वस्त झालेली घरं मी आमच्याकडेही पाहिली आहेत. गरिबांच्या नावावर निवडून आलेल्या माणसाचा हप्ता त्याच गरिबांच्या नाण्यांतून जात होता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ करू शकलेलो नाही.

संसदेने महाभियोग चालवला. सुनावणी टीव्हीवर रोज दिसे. एका बँक अधिकारी बाईंनी साक्ष दिली की होसे वेलार्दे या खोट्या नावाने राष्ट्राध्यक्षांनी बँक खात्यासाठी आपल्यासमोर सही केली. त्या खात्याच्या कागदांचं एक पाकीट उघडायचं की नाही यावर १६ जानेवारी २००१ ला मतदान झालं आणि ११ विरुद्ध १० ने ‘नको’ ठरलं. त्या रात्री मोबाइलवर मेसेज फिरले आणि लाखो लोक मनिलातल्या एद्सा या हमरस्त्यावर जमले. चार दिवसांत सैन्याने पाठिंबा काढला, उपराष्ट्राध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांनी शपथ घेतली, आणि एस्त्रादांनी पासिग नदीतून होडीने राजवाडा सोडला.

त्या दिवशी आमचं जहाज सिंगापूरला अँकरेजला होतं. क्वेझोन सिटीचा आमचा सेकंड ऑफिसर आनंदाने नाचत होता. बोसन जेवायलाच आला नाही. एकाच देशाची, एकाच बातमीची ही दोन रूपं मी त्या दिवशी समोरासमोर पाहिली. एप्रिलमध्ये एस्त्रादांना अटक झाली, पोलिसांनी काढलेला त्यांचा फोटो टीव्हीवर आला. मग झोपडपट्ट्यांतून लोक त्याच एद्सावर उतरले, आणि १ मेच्या पहाटे राजवाड्यावर चालून गेले. त्यात माणसं मेली. जानेवारीच्या गर्दीला वर्तमानपत्रांनी क्रांती म्हटलं होतं, या गर्दीला जमाव.

सहा वर्षं खटला चालला, बराच काळ ते तानायच्या आपल्याच बंगल्यात नजरकैदेत होते. १२ सप्टेंबर २००७ ला विशेष न्यायालयाने त्यांना लुटीच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली: हुवेतेंगचे ५४ कोटी पेसोंहून जास्त, शिवाय कामगारांच्या पेन्शन निधीला एका कंपनीचे शेअर घ्यायला लावून मिळवलेलं सुमारे १९ कोटींचं कमिशन. दीड महिन्यात आरोयोंनी त्यांना माफी दिली. २०१० मध्ये पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, ९० लाखांवर मतं घेऊन दुसरे आले. २०१३ मध्ये मनिलाचे महापौर झाले, २०१६ मध्ये परत.

आता ‘भोळे’ या शब्दाकडे येतो. बोसनला हुवेतेंगचं सगळं माहीत होतं, तो नाकारत नसे. त्याचं म्हणणं असं की आधीचे आणि नंतरचेही खातातच, पण आमच्या गल्लीत येऊन आमच्या भाषेत बोलणारा एवढाच होता. आणि शिक्षा झाली ती नेमकी त्यालाच. याला उत्तर देणं मला कधी जमलं नाही. बोसनने पदरात काय पडेल याचा हिशोब करूनच मत दिलं होतं. त्याच्या हिशोबात मान ही एक रक्कम होती, सेकंड ऑफिसरच्या हिशोबात ती नव्हती, कारण मान त्याला जन्मतःच मिळाला होता.

२०१९ ला मनिलाची निवडणूक एस्त्रादा हरले. हरवणारे इस्को मोरेनो, तेही नटच, तेही टोंडोचेच, आणि लहानपणी खरोखर कचरा वेचलेले. मी बोसनला फोन केला, तो तेव्हा निवृत्त होऊन घरी होता. मत कुणाला दिलं विचारलं. म्हणाला, इस्कोला. एराप आता म्हातारा झाला, आणि आमच्या गल्लीतला कचरा उचलला जात नाही.