वाचकांचे प्रश्न : माणसं टिकत का नाहीत?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमची संस्था मानसिक आजारांच्या रुग्णांसाठी गृहभेटी आणि समुपदेशन करते. सहा कार्यकर्त्यांपैकी चौघं वर्षभरात सोडून गेले. पगार थोडा वाढवला, सहल काढली, सत्कार केले. काय चुकतंय?
– प्रकल्प समन्वयक

उत्तर : सत्काराची शाल घेऊन घरी गेलेली कार्यकर्ती दुसऱ्या दिवशी गाडीत पेट्रोल स्वतःच्या पैशानं टाकते. प्रवासबिल दोन-दोन महिने अडकत असेल, तर ती संस्थेलाच बिनव्याजी उसने देतेय. एक तारखेला आगाऊ रक्कम द्या, पाच तारखेच्या आत मागचा हिशेब मिटवा. करार अकरा महिन्यांचा असेल तर नवव्या महिन्यातच माणूस दुसरीकडे अर्ज टाकतो. मुदतवाढीचं त्याआधी लेखी कळवा. ‘बघू’ याचा अर्थ तो ‘नाही’ असाच घेतो.

आता वेळापत्रक. पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत दुपारी घराला कुलूप, माणसं वावरात. दहा ते साडेपाचच्या ड्युटीत भेटी वाया जातात, मग कार्यकर्ती संध्याकाळी पुन्हा जाते, शेवटची एसटी निघून जाते आणि अंधारात ती एकटीच स्कूटीवर परत येते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अधिकृत ठरवा, दोघींना सोबत पाठवा, दुसऱ्या दिवशी कामाची सुरुवात बारा वाजता ठेवा.

रुग्णसंख्या नुसती मोजू नका, वजन धरा. नवा किंवा धोक्यातला रुग्ण तीन गुण, पंधरवड्याला भेट लागणारा दोन, फक्त गोळ्या तपासायच्या असतील तर एक. एका कार्यकर्तीकडच्या गुणांची बेरीज पंचेचाळीसच्या वर गेली की तिला नवा रुग्ण देऊ नका. आकडा तुमच्या अंतरांनुसार बदला, पण ठरवा.

आठवड्याला एक तास फक्त रुग्णांवर बोलण्यासाठी ठेवा: दोन रुग्ण, प्रत्येकी वीस मिनिटं, उरलेली वीस कार्यकर्त्याच्या स्वतःच्या अडचणींसाठी. त्या तासात ‘तुमचं टार्गेट किती झालं?’ हा प्रश्न निघाला की तो तास संपलाच, पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. अहवालाची बैठक वेगळ्या दिवशी घ्या. तीच माहिती रजिस्टरमध्ये, ॲपमध्ये आणि मासिक अहवालात तीनदा लिहून घेत असाल, तर एक तरी बंद करा.

एखाद्या रुग्णाच्या आत्महत्येनंतरही माणसं सोडून जातात. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांच्या फॉर्ममधला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्यापेक्षा जास्त गुण आले की त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, ती नावं आणि क्रमांक फॉर्मच्या मागेच छापा, म्हणजे निर्णयाचं ओझं एकटीवर पडत नाही. तरीही मृत्यू झालाच, तर चोवीस तासांच्या आत वरिष्ठानं स्वतः भेटावं. कुटुंबाकडे तिला एकटीला पाठवू नये, दोन-तीन दिवस नवे रुग्ण देऊ नयेत. सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटतंय ते सांगा’ असा आग्रह मात्र नको. घटनेनंतर लगेच सक्तीनं बोलतं करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. त्या रुग्णाची फाईल दोन आठवड्यांनी उघडा आणि तेव्हाही ‘कोण चुकलं’ असं विचारू नका, ‘कुठे अडलं’ असं विचारा.

एक छोटी गोष्ट बरेचदा सुटते. ओपीडीच्या दिवशी रिस्पेरिडोन हे मानसिक आजारावरचं औषध संपलेलं निघालं, की शिव्या खाते ती गावात फिरणारी कार्यकर्ती. गुरुवारची ओपीडी असेल तर सोमवारीच औषधसाठा विचारा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाच्या वेळी गावात सगळ्यांना नंबर दिला. अजूनही रात्री-बेरात्री फोन येतात, घरचे चिडतात.
– वाशिम जिल्हा

उत्तर : ताई, रात्रीचं समुपदेशन तुमचं काम नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. दाराच्या चौकटीवर तो लिहून देत जा. कोणी विषारी औषध प्यायलं असेल तर मात्र आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका, आणि फवारणीच्या औषधाचा डबा रुग्णासोबत पाठवायला सांगा. त्यावरचं नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. दर महिन्याला असे किती फोन येतात ते तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंकडे लेखी द्या, तोंडी सांगितलेलं बैठकीत विरून जातं.