दार उघडलं की पळतो, म्हणून मारायचं का?

"मॅडम, नुसता खाऊ देऊन कुत्रा ऐकेल का? कधीतरी धाक दाखवावाच लागतो ना?" मी कुत्र्यांना शिकवायला घरोघरी जाते, आणि दत्तक कुत्रा घरी आणलेले बहुतेक जण पहिल्याच भेटीत हे विचारतात. दार उघडं दिसताच रस्त्यावर सुसाट सुटणारा कुत्रा असेल तर त्या प्रश्नामागे भीती असते, आणि ती खरी असते. गाडीखाली यायला एक क्षण पुरतो.

पुण्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. रस्त्यावरून आणलेला, दीडेक वर्षांचा गावठी खंड्या. घरात निवृत्त काका आणि त्यांची नोकरी करणारी लेक. काका म्हणायचे, "घरात मालक कोण ते त्याला कळलंच पाहिजे. दोन फटके द्या, सुधारेल." लेक म्हणायची, "बाबा, आधीच खूप मार खाल्लाय त्यानं. आपण त्याला 'नाही'सुद्धा म्हणायचं नाही." सुरुवातीच्या भेटी या वादातच गेल्या.

मग मी म्हटलं, कोण बरोबर ते राहू दे. काल तो पळाला तेव्हा काय काय झालं, ते ओळीनं सांगा.

"दूधवाला आला, दार उघडलं, हा पायांतून सटकला," काका सांगू लागले. "हिनं बिस्किटाचा पुडा वाजवला. आला परत. मी पट्टा धरला आणि दिली एक ठेवून."

"कशाबद्दल?"

"पळाल्याबद्दल. दुसरं काय?"

"फटका बसला तेव्हा तो काय करत होता, काका?"

काका थांबले. "परत आला होता."

"हेच सांगतेय मी यांना!" लेक म्हणाली. मी तिच्याकडे वळले. "आणि हा पुडा एरवी कधी वाजतो? तो दारापाशी शांत बसलेला असताना?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नाही. तो बाहेर पळाला की."

खंड्याच्या बाजूनं पाहा. बाहेर पळालं की बिस्कीट, घरी आलं की फटका. एकमेकांशी भांडणारी ही दोन माणसं त्याला एकच धडा देत होती. कुत्रा मागचे गुन्हे आठवून शिक्षा समजून घेत नाही. त्या घडीला जे करत होता त्याच्याशीच तो फळ जोडतो. प्रेम की शिस्त, या वादातून बाहेर पडून 'कशानंतर काय येतं' एवढं बघायला लोकांना लावणं, हे माझ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कुत्र्याला 'मालक कोण' ते दाखवायचं, ही कल्पना मुख्यतः प्राणी-अभ्यासक रूडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांमधल्या वरचढपणाच्या चढाओढीबद्दल १९४७ मध्ये नोंदवलेल्या निरीक्षणांतून पसरली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं. फटक्यानं मालकी सिद्ध होत नाही, हातापासून दूर राहायचं मात्र कुत्रा शिकतो.

पण रोखायचंच नाही, हेही मला मान्य नाही. रोखणं हवं, ते दुखवून नको. खंड्यासाठी आधी दारापाशी लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावलं, कारण सवय लागेपर्यंत त्याला पळता येताच कामा नये. मग तो बसला की दार बोटभर उघडायचं, उठला की शांतपणे बंद. ओरडायचं नाही. दार बंद होणं हीच चूक दाखवण्याची रीत. बसून राहिला तर उकडलेल्या चिकनचा तुकडा, तोही घरात.

जोडीला 'पटकन' हा शब्द फक्त परत बोलावण्यासाठी राखून ठेवला. आधी घरात, मग गच्चीवर, मग मोकळ्या मैदानात लांब दोरी बांधून. त्या शब्दावर आला की दरवेळी मेजवानी. आंघोळीला किंवा औषधाला बोलवायला तो शब्द कधीच वापरायचा नाही. आणि कितीही उशिरा, कितीही दमवून आला, तरी आल्यावर रागवायचं नाही. काकांना हे सगळ्यात जड गेलं, पण सगळ्यात नेटानं पाळलं तेही त्यांनीच.

आता दूधवाला आला की खंड्या जाळीमागे बसतो. तरी जाळी मी काढू दिलेली नाही. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा शिकवलेलं सगळं विसरू शकतो. त्या दिवसांत फिरणं अंधार पडायच्या आत उरकायचं, गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही घालायचे, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर हवाच.